दोन दारांचा फोल्डर

मित्रांनो, मी एक जुना फोल्डर आहे आणि मला दोन दारं आहेत. त्यामुळे माझी काळजीही दुप्पट.

म्बाले गावातल्या नाम्बोझो मॅडम जमिनी मोजतात. नकाशे काढायचा त्यांचा प्रोग्राम इतका जुना, की नव्या संगणकावर चालेना. मग त्यांनी संगणकाच्या पोटातच दुसरा, जुन्या पद्धतीचा आभासी संगणक उभा केला आणि दोघांच्या मध्ये मला बसवलं. आतला संगणक माझ्यात नकाशा ठेवतो. बाहेरचा तो इंटरनेटवरून क्लाउडमध्ये चढवतो, आणि मग मॅडमना तो कुठेही फोनवर दिसतो. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे माझ्याकडे कोणी वळूनही बघेना.

त्या दिवशी डोंगरावरच्या गावात सुनावणी होती. तिथल्या नांडुडू आजी आजारी होत्या. नवऱ्याच्या कबरीशेजारीच आपल्याला पुरावं, एवढीच त्यांची इच्छा. पण जुन्या नकाशात ती कबर चुकून त्यांच्या पुतण्याच्या हद्दीत गेली होती, आणि तो तिथे जागा द्यायला तयार नव्हता. मॅडमनी पुन्हा मोजणी केली आणि सकाळी नवा नकाशा माझ्यात ठेवला.

"झाला का सेव्ह?" कारकून कुलोबांनी विचारलं.

"झाला. चला लवकर, पंच थांबायचे नाहीत."

आतल्या संगणकावर झाला होता खरा, पण वर तो अजून निम्माही चढला नव्हता. आणि कचेरीचं इंटरनेट म्हणजे कुलोबांचा फोन. तो खिशात टाकून ते मोटारसायकलवर बसले, मॅडम मागे बसल्या, आणि इंटरनेट डोंगराकडे निघून गेलं. मला हाक मारता येत नाही. मी नुसता घाबरून बसलो.

पुढचं मला नंतर कळलं. मॅडमनी पंचांसमोर आपला फोन उघडला, तर जुनाच नकाशा.

"नवा वाटेत सांडला का हो मॅडम?" पुतण्या म्हणाला.

मॅडम कुलोबांकडे वळल्या. "तुमचा फोन कचेरीत घेऊन जा. मी इथे बोलत राहते."

चाळीस मिनिटांनी कचेरीचं दार उघडलं. कुलोबा धापा टाकत संगणकासमोर बसले. "चढ रे बाबा, चढ," असं पुटपुटत राहिले. तिकडे मॅडमचं बोलणं संपलं होतं आणि पंचांची माणसं जुन्या रेघेवर हद्दीचं झाड लावायला खड्डा खणत होती. एकदा लावलेलं हद्दीचं झाड तिथे कोणी उपटत नाही.

रोप खड्ड्यात उतरवणार, तोच नकाशा पोहोचला. पंचांनी तो दोनदा बघितला. आजींनी फोनवरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"म्हणजे मी या बाजूला?"

"हो आजी. त्यांच्या शेजारी."

खड्डा बुजवला गेला.

मित्रांनो, सेव्ह झालं एवढ्यावर उठू नका. वर पोहोचलं का, तेही बघत जा. आजी तीन आठवड्यांनी गेल्या आणि त्यांना हवी ती जागा मिळाली. पण त्या दिवशी कुलोबांची मोटारसायकल वाटेत पंक्चर झाली असती तर, हे मनात आलं की मला अजूनही धडकी भरते.