दामूचा सकारात्मक बैल

सुज्ञ वाचकहो, किन्हवलीजवळील एका पाड्यातील शेतकरी दामू याने सन दोन हजार सालच्या आरंभी कोणता संकल्प सोडला, त्या संकल्पापायी बैल खरेदी करताना त्याच्यावर कोणता बिकट प्रसंग ओढवला, आणि त्यातून तो कसा तरून गेला, याचे सविस्तर कथन आता यथामती करण्यात येत आहे. तरी शांत चित्ताने वाचावे.

दामूच्या जोडीतील एक बैल भादव्यात साप चावून गेला. उरलेला बैल गोठ्यात उभा राहून रिकाम्या जागेकडे पाही, आणि दामूही त्याच्याजवळ उभा राहून तिकडेच पाही. एका बैलावर नांगर चालत नाही. जोडी जमली नाही तर शेजारी जयराम आपली सर्व खाचरे उरकून जेव्हा बैल देईल तेव्हाच दामूच्या खाचरांची चिखलणी, आणि तोवर भाताचे रोप पिवळे पडणार, हे दामूस स्वच्छ दिसत होते.

अशा चिंताग्रस्त काळात एक जानेवारीस त्याचा पुतण्या साईनाथ घरी आला. तो वाशिंदला एका कारखान्यात कामास असे. तेथे कोणा साहेबाने कामगारांना सतरंजीवर बसवून नववर्षाचे व्याख्यान दिले होते. ते साईनाथने ओटीवर बसून चुलत्यास जसेच्या तसे दिले.

"काका, मानसाला टार्गेट पायजे. तुमचं टार्गेट काय?"

"बैल."

"मंग पॉझिटिव्ह ऱ्हा. वर्षभर वाईट बोलायचं नाय. मानसाला नाय, जनावराला नाय, वस्तूला पन नाय. तोंडातून एक वाईट शब्द गेला का टार्गेट पळालं."

"कुठं पळतं?"

"ते साहेब बोलला नाय. पन पळतं."

चुलीपाशी भाकरी थापणारी सकुबाई, दामूची पत्नी, तिथूनच म्हणाली, "हे घरातल्या सगल्यांना लागू हाय का रे?"

"नाय काकी. ज्याचं त्यानं ठरवायचं."

"मंग तुज्या काकालाच लावून घे. माझं तोंड माज्यापाशी ऱ्हाऊ दे."

दामूने त्याच सायंकाळी मारुतीसमोर चार माणसांदेखत संकल्प सोडला. जयराम स्वभावाने खट्याळ. त्याने दुसऱ्याच दिवशी दामूला घरी बोलावून साखरेच्या जागी मीठ घातलेला चहा पाजला. दामूच्या डोळ्यांतून पाणी आले, परंतु तो एवढेच म्हणाला, "चव ध्यानात ऱ्हाईल, जयराम."

यथावकाश पौष पौर्णिमा आली आणि दामू व सकुबाई मुरबाडवरून म्हसा गावच्या यात्रेस गेली. बैलांच्या बाजारात दामूला एक तांबडा बैल पाहताक्षणी आवडला. त्याचा धनी कमळू नावाचा, डोंगरातल्या वाडीचा गृहस्थ. त्याने रीतीप्रमाणे उपरणे पसरले, दोघांनी त्याखाली हात घातले, आणि बोटांनी किंमत सुरू झाली.

येथे आमच्याकडील रीत सांगणे अगत्याचे आहे. घेणाऱ्याने बैलाची खोड काढावी, देणाऱ्याने ती खोडून काढावी, आणि या भांडणात बोटे हळूहळू कमी व्हावीत. खोड काढल्याविना किंमत उतरत नाही. हे दामूस लहानपणापासून ठाऊक होते, परंतु त्याच्या तोंडाला आता कुलूप होते.

"बोला पाव्हनं," कमळू सरसावून म्हणाला. "काय कमी हाय माज्या बैलात?"

"काय बी नाय. लय देखना हाय."

कमळूने वाट पाहिली. "शिंगं बघा ना. डावं जरा वाकडं हाय."

"वाकडं शोभतं."

"अवो, दात तरी बघा!"

"बघितलं. हसरा वाटतो."

कमळू गोंधळून गेला. घरून पाठ करून आणलेली सगळी उत्तरे त्याच्या तोंडात तशीच अडकली. बघे जमले. मागून सकुबाईने दामूच्या पाठीत बोट खुपसले. "अवो, कायतरी वाईट बोला. नायतर जन्माची अद्दल घडंल."

"टार्गेट पळंल गो."

"मी तुमची मस्करी ऐकून घ्यायला आलो नाय हां!" कमळू भडकला. "कोन खोड काढतच नसंल तर सौदा होनार कसा? थांबा, मीच काढतो. हा बैल पान्यात बसतो."

"गरमीचा तरास नाय मंग."

"मधीच थांबतो."

"इचारी हाय."

"शिव्या दिल्याबिगर पाय उचलत नाय!"

"म्हंजे बोललेलं कळतं."

कमळू आता इरेस पेटला होता. एकेक खोड सांगताना उपरण्याखाली तो आपणच एकेक बोट मिटत गेला. आणि दामू? तो स्तुतीच्या भरात एकेक बोट उघडत गेला! देणारा उतरतो आणि घेणारा चढतो, असा सौदा त्या बाजारात कोणी पाहिला नव्हता. मध्यावर दोघांची बोटे जुळली, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि कमळू घाम पुसत म्हणाला, "असं गिऱ्हाईक पुना नको रे देवा."

दुसऱ्या दिवशी परतताना वाटेत ओढा लागला. बैल पाण्याच्या मधोमध गेला आणि ऐटीत खाली बसला. कमळू खोटे बोलला नव्हता.

"ऊठ रे राजा," दामू म्हणाला. "ऊठ रे सोन्या. ऊठ रे गुनी बाळा."

बैलाने डोळे मिटून घेतले. दामूने शेपटी पिरगळली, काठी दाखवली, गवत दाखवले. ऊन डोक्यावर आले. दामूच्या ओठांवर एक भरभक्कम शिवी येऊन उभी राहिली, आणि त्याने ती आवंढ्याबरोबर गिळली. मग तोही हताश होऊन बैलाशेजारी पाण्यातच बसला.

काठावर उभ्या सकुबाईचा संयम येथे संपला.

"मेल्या! आळशा! दगडा! बापजन्मी कधी पाय उचलला होतास का? ऊठ, नायतर हितंच पुरीन तुला! बसलाय बघा म्हशीवानी!"

बैल ताडकन उठला आणि धावत काठावर आला. त्याच्या पाठोपाठ दामूही आला.

"बैलाला लय चांगलं बोललीस गो," दामू कृतज्ञतेने म्हणाला.

"बैलाला कोन बोललं?" सकुबाई म्हणाली. "मी तुमाला बोलत होते."

वाचकहो, आषाढात दामूची चिखलणी जयरामाच्या आधी उरकली. दामू नांगर धरी आणि "वा राजा, वा" म्हणे. सकुबाई बांधावर उभी राहून दामूच्या सात पिढ्यांचा उद्धार करी, आणि तो आवाज कानी पडताच तांबडा बैल चिखलातून सरळ रेषेत चाले. रस्त्याने जाणारे विचारीत, "भांडन काय वो?" जयराम कपाळाला हात लावून सांगे, "भांडन नाय. नांगर चाललाय."

भात चांगले पिकले. दामूच्या मुखातून वर्षभरात एकही वाईट शब्द गेला नाही. एकतीस डिसेंबरच्या सायंकाळी सकुबाई गळ्याला गरम फडके गुंडाळून ओटीवर आली आणि वर्षभर ओरडून बसलेल्या आवाजात म्हणाली, "आता मी संकल्प करते. पुढल्या वर्सी मी पन गोड बोलनार."

दामूचा चेहरा पांढराफटक पडला. तो तिच्या पुढ्यात उकिडवा बसला.

"गो, काय पन कर, पन हे नको. मला बोल. रोज बोल. मी कदी नाय रागावनार."

सकुबाईने पदर तोंडाला लावला. तिला हसू आवरेना.

"बगू," ती म्हणाली. "आधी गूळ घालून कोरा चहा करून आना, मेल्यावानी बसू नका."

गोठ्यात तांबडा बैल ताडकन उठून उभा राहिला.

येथे हे कथन संपवितो. आपण आपला बहुमोल वेळ देऊन हे वाचलेत, याबद्दल आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार मानतो, व आपणा सर्वांच्या खाचरात वेळेवर नांगर चालो, अशी प्रार्थना करतो.

आपला नम्र,
शाम बाळू भोईर
मुक्काम किन्हवली, तालुका शहापूर