हात नसलेली खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. लाकडी, सरळ पाठीची आणि हात नसलेली. दवाखान्याच्या एका खोलीत मला भिंतीला टेकवून ठेवलंय, म्हणजे कुणी कितीही जोर लावला तरी मी मागे सरकायची नाही. समोर फरशीवर एक पिवळी पट्टी चिकटवलेली आहे. माझ्यावर बसायचं, दोन्ही हात छातीशी घ्यायचे, कुठेही न टेकता उठायचं, पट्टीपर्यंत चालत जायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण बसलेलं माणूस उठेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

ही नोकरी मला उतारवयात लागली. सुताराने मला बनवलं ते एका फोटो स्टुडिओसाठी. फोटोत खुर्चीचे हात दिसलेले मालकाला खपत नसत, म्हणून मला ते मिळालेच नाहीत. तिथे लोक माझ्यावर काठी गिळल्यासारखे ताठ बसत आणि फोटो निघाला की टुणकन उठत. कोण कसं उठतंय याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं, मलासुद्धा नाही. पुढे ज्याच्या-त्याच्या खिशात कॅमेरा आला, स्टुडिओ बंद पडला आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात पडले.

तिथून मला मॅडमनी उचललं. मॅडम म्हणजे इथल्या फिजिओथेरपिस्ट. दुकानात आल्या त्या टेप घेऊनच. माझा रंग नाही बघितला, लाकूड कुठलं ते नाही विचारलं. जमिनीपासून बैठकीपर्यंत माप घेतलं, गदागदा हलवून पाहिलं आणि हीच हवी होती म्हणाल्या. हात नसल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं. मी हुरळून गेले. पुढे काय वाढून ठेवलंय याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

इथे येणारी माणसं म्हातारी, पण बहुतेक आपल्या पायांनी येणारी. मॅडम प्रत्येकाला समजावतात की ही तपासणी आजच्या दुखण्याची नाही. माणूस खुर्चीतून कसा उठतो, किती सावकाश चालतो, वळताना अडखळतो का, यावरून पुढे काही वर्षांनी त्याला आंघोळ, जिना, बाजारहाट एकट्याने झेपेल की नाही याचा अंदाज येतो. नुसता अंदाजच, पण वेळेवर आला तर पायांत पुन्हा बळ भरता येतं. लोक माना डोलावतात. डोक्यात मात्र एवढंच शिरतं की परीक्षा आहे.

मग एकेकाची सोंगं बघावीत. एक निवृत्त मुख्याध्यापक आठवडाभर घरी जेवणाच्या उंच खुर्चीवर तालीम करून आले होते. माझ्यावरून उठताना नाकीनऊ आले, तरी शेवटी त्यांनी विचारलंच, आपला नंबर कितवा. कुणाचा पाय नेमका तेव्हाच झोपलेला असतो, कुणाची चप्पल नवी असते. आणि सगळी कारणं संपली की खापर माझ्यावर. म्हणे खुर्चीच बुटकी आहे. मी मूग गिळून गप्प राहते.

खरं सांगायचं तर मला सगळं आधीच कळतं. ज्याच्या पायांत ताकद आहे त्याचं वजन माझ्यावरून अलगद पुढे जातं. ज्याच्या नाही, त्याचं तिथेच अडकून राहतं, आणि मग त्याची बोटं चोरासारखी माझी कड शोधू लागतात. मॅडमचं घड्याळ थांबायच्या आत माझा निकाल तयार असतो. पण खुर्ची कुणाला काय सांगणार?

त्या दोघी बहिणी आल्या तेव्हाही असंच झालं. थोरलीला सगळे ताई म्हणत. तिने उभं आयुष्य लाँड्रीत इस्त्री करण्यात घालवलं होतं, आणि तेही अक्षरशः उभ्याने. पायांचा तिला कोण अभिमान. धाकटीची नजर मंद झालेली, समोरच्या माणसाची आकृती तेवढी दिसायची. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दोघीच राहत. स्वयंपाक ताईचा, बाजार ताईचा, जिना उतरताना धाकटीला हात ताईचा. तपासायचं होतं ते अर्थातच धाकटीला.

बरोबर त्यांचा भाचा होता, तो बाहेर बाकावर बसला. मॅडम कपाटात काहीतरी शोधत होत्या तेवढ्यात ताई धाकटीच्या कानाशी लागली. नीट ऊठ, नाहीतर तो आपली ताटातूट करील, म्हणाली. भाच्याने ठरवलं होतं की एका आत्याला आपण न्यायचं आणि दुसरीला स्वतःच्या बहिणीकडे, परगावी पाठवायचं. एकाच घरात दोघींची सोय होण्यासारखी नव्हती. मनाचा तो वाईट नव्हता. आत्यांचा अवेळी फोन आला की त्याचं धाबं दणाणायचं, एवढंच. आजची तपासणी चांगली निघाली तर हा विषय पुन्हा काढणार नाही, असा शब्द त्याने दिला होता.

मॅडमनी हात कसे घ्यायचे ते करून दाखवलं, पण धाकटीला ते दिसेना. तेव्हा ताई म्हणाली, थांब, मी दाखवते. कुठलीही नवी गोष्ट ती धाकटीला अशीच शिकवायची, नवं कुलूप असो की गॅसचं बटण, आपल्या हातावर तिचा हात ठेवून. ती माझ्यावर बसली, धाकटीचा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, आता मी कशी उठते ते लक्षात घे.

ती उठलीच नाही. एकदा पुढे झाली आणि परत माझ्यावर आली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिने माझी कड घट्ट धरली, हातांवर सगळा भार घेतला आणि कशीबशी उभी राहिली. कपाटातून घड्याळ काढायला गेलेल्या मॅडम तेवढ्यात वळल्या. "बघ, किती सोपं आहे," ताई म्हणाली. तिला धाप लागली होती. धाकटीने खांद्यावरचा हात काढून घेतला.

मग धाकटी बसली आणि सहज उठली. पट्टीपर्यंत गेली, वळली, परत आली. मॅडम खूश झाल्या, पाय छान आहेत म्हणाल्या. ताईचा चेहरा उजळला. तिने पिशवी उचलली, धाकटीचा दंड धरला. मी इकडे घाबरीघुबरी झाले होते. चुकीच्या बहिणीला शाबासकी मिळाली होती आणि दोघी आता दाराबाहेर पडणार होत्या.

धाकटीने दंड सोडवून घेतला. "मॅडम, आता ताईची घ्या."

"माझं काय घ्यायचंय? मी चांगली धडधाकट आहे."

"माझा हात होता तुझ्या खांद्यावर, ताई. दोनदा खांदा वर आलाच नाही."

ताईने आवाज खाली आणला. "गप्प बस. तो बाहेर ऐकतोय."

"ऐकू दे. आज आपल्याला वेगळं करतील म्हणून तू घाबरतेस. उद्या जिन्यात तू पडलीस ना, तर मला बरोबर घेऊन पडशील. मग कुठे राहायचंय म्हणून कुणी विचारणारसुद्धा नाही."

मॅडम मध्ये पडल्या नाहीत. त्यांनी फक्त घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं आणि माझ्याकडे हात केला. ताई बसली. हात छातीशी घेतले. तिच्या मांड्या थरथरत होत्या ते मला फळीतून कळत होतं. भाचा दारात येऊन उभा राहिला होता. ताईने दोनदा जोर केला, मग मान खाली घातली आणि तशीच बसून राहिली. तिच्यापेक्षा मलाच जास्त लाज वाटली.

"मोठी आत्या, कधीपासून?" भाच्याने विचारलं.

"घरी ओटा असतो ना धरायला," ताई म्हणाली. "पलंगाची कड असते. जाणवत नाही."

भाचा दारातून आत आला. आम्ही सगळे धाकट्या आत्याकडेच बघत बसलो, एवढंच म्हणाला. मॅडमनी त्याला समोर बसवून सांगितलं की हा निकाल नाही. असंच चालू राहिलं तर काही वर्षांत ताईंना जिना बंद होईल, तेव्हा धाकटीचंही सगळं बंद होईल. पण आज त्या स्वतःच्या पायांनी आल्यात, म्हणजे हातात वेळ आहे. तीन महिने व्यायाम करून घेऊ आणि पुन्हा बघू. भाच्याने तीन महिने थांबायचं कबूल केलं. पुढचं पुढे, म्हणाला. त्याहून जास्त शब्द दिला नाही.

तेव्हापासून ताई येते. आधी माझ्यावर दोन गाद्या ठेवून उठली, मग एक. मग गुडघा सुजला आणि पुन्हा दोन. या वयात उठाबशा काढायला लावता म्हणून मॅडमशी भांडून झालं. एकदा तर तोंड फिरवून निघून गेली, धाकटीने दवाखान्याच्या जिन्यातून परत आणली. सरावाला धाकटीचा हात तिच्या खांद्यावर असतोच. खांदा वर आला की ती "आला" म्हणते, नाही आला की काही बोलत नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरात काळजी करायला एक माणूस ठरलेलं असेल. त्याच्यासाठी सगळे डोळ्यांत तेल घालून बसतात. त्याला हात देणाऱ्याकडे मात्र कुणी बघत नाही. त्याला एकदा साध्या खुर्चीवर बसवा आणि हात न टेकता उठायला सांगा. नाही जमलं तर रागावू नका, हसू तर मुळीच नका. लपवाछपवी तिथूनच सुरू होते.

आज तीन महिने झाले. मॅडमनी सगळ्या गाद्या काढून कपाटात ठेवल्या आहेत. भाचा या वेळी आत येऊन भिंतीशी उभा आहे, सारखा रुमालाने हात पुसतोय. धाकटीला हात बाजूला घ्यायला सांगितलंय. त्या हाताचं काय करावं हे तिला समजत नाहीये.

ताई बसली आहे. तिने पावलं मागे घेतली, हात छातीशी घेतले. मॅडमचं बोट घड्याळावर आहे. ताईचं सगळं वजन अजून माझ्यावरच आहे, आणि मला तिला खालून जरासासुद्धा धक्का देता येत नाही.

ऊठ गं ताई. ऊठ.