ऑक्ताव्हचे बारा गुण

"अजून नाही आलं," तिबो म्हणाला. गाडीच्या काचेला चिकटवलेल्या यंत्राकडे तो रुसलेल्या माणसाकडे बघावं तसा बघत होता. "कंपनी म्हणते, पुढच्या सोमवारी. सरकारचा कागद आला की लगेच."

"मागच्या सोमवारीही ती पुढचा सोमवारच म्हणाली होती," ऑक्ताव्ह रिगुले म्हणाला आणि चीजच्या लाकडी डब्यांची शेवटची थप्पी त्याने व्हॅनमध्ये सरकवली.

त्या हिवाळ्यात जुरा डोंगरातलं ते अख्खं खोरं अपडेटची वाट बघत होतं. पूर्वी हे यंत्र पुढे वेग पकडणारं रडार आहे असं सरळ सांगायचं. ऑक्ताव्ह त्याला चुगलखोर म्हणायचा. मग सरकारने ठरवलं की रडार कुठे आहे हे सांगणं गुन्हा, पण धोका कुठे आहे हे सांगायला हरकत नाही. यंत्राला आता नवी भाषा शिकवायची होती, आणि ती कोणती हे ठरवायला पॅरिसमध्ये बैठका चालू होत्या. तोवर यंत्रं मुकी. शिवाय रडारच्या आधी लावलेल्या पाट्याही सरकारने उपटून नेल्या. उरली फक्त जुनी रीत: दबा धरून बसलेले पोलीस ज्याला दिसतील त्याने समोरून येणाऱ्याला दोनदा दिवे मारायचे. या खोऱ्यात घटस्फोट झालेली जोडपीसुद्धा एकमेकांना दिवे मारत.

ऑक्ताव्हला यंत्राची गरज नव्हती. तेहतीस वर्षं तो जाकमारांच्या कारखान्याचे डबे चीजवाल्यांकडे पोचवत होता, आणि परवान्यावर बारा गुण देऊन दर गुन्ह्याला त्यातले कापायची पद्धत आल्यापासून त्याचे बाराच्या बारा जागेवर होते. कॅफेत त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. 'बारा आला,' म्हणत. तो लाजायचा, पण दुसरा कॅफे काही त्याने शोधला नाही.

तिबो हा थोरल्या जाकमारांचा मुलगा. वडील गेल्यावर मालक झाला. त्याला गाडी चालवायला शिकवली ती ऑक्ताव्हनेच, कारखान्यामागच्या अंगणात. ब्रेक कुठे आहे हे त्याला तेव्हापासूनच फारसं आठवत नसे.

आता तिबोच्या हातात दंडाचं एक पाकीट होतं. रडारने फोटो मागून काढला होता. त्यात गाडीचा नंबर दिसत होता, माणूस दिसत नव्हता. गाडी कारखान्याच्या नावावर, त्यामुळे ती कोण चालवत होतं ते मालकाने लिहून कळवायचं. अशा वेळी लोक आजीचं नाव लिहितात. तिबोने आपली आजी आधीच संपवली होती, म्हणजे तिचे गुण. त्याचे स्वतःचे दोन उरले होते.

"दोनच गुण, काका," तो म्हणाला. "अपडेट आलं की प्रश्न मिटला."

गाडी आपणच चालवत होतो, अशी ऑक्ताव्हने सही केली. थोरल्या मालकांचा मुलगा. आणि इतकी वर्षं बारा गुण बाळगून करायचं काय, असंही त्याला क्षणभर वाटलं. तिबोने पिवळ्या वाइनची एक बाटली दिली.

पुढचा सोमवार आला नाही. जानेवारीत तीन गुण गेले आणि बाटली आली. फेब्रुवारीत आणखी तीन गेले, आणखी एक बाटली आली. ऑक्ताव्हच्या बायकोने, सोलांजने, बाटल्या फळीवर ओळीने मांडल्या.

"तो तुझे गुण खातो, तू त्याची वाइन पितोस," ती म्हणाली. "छान संसार चाललाय तुमचा."

"मी एकही उघडलेली नाही."

"उघड की मग. गेलेलं काही बाटलीत परत येत नाही."

वाहतुकीच्या नियमांच्या वर्गात दोन दिवस बसलं की चार गुण परत मिळतात. तिबो म्हणाला होता, पाठवतो, हंगाम उरकू दे. कॅफेत अजून सगळे त्याला 'बारा' म्हणत होते. त्याने कुणाला सुधारलं नाही. फक्त तिथे जाणं कमी केलं.

मार्चमध्ये अपडेट आलं. तिबोने ते ऐकायला ऑक्ताव्हला मुद्दाम गाडीत बसवलं. यंत्र गोड बाईच्या आवाजात म्हणालं, "धोक्याचा पट्टा." दोन किलोमीटर गेल्यावर म्हणालं, धोक्याचा पट्टा संपला. लगेच दुसरा सुरू झाला. रडार नक्की कुठे, हे सांगायला तिला बंदी होती, म्हणून तिने सगळा रस्ताच धोक्यात काढला होता.

"संपलं म्हणायचं," ऑक्ताव्ह म्हणाला. चार गुण उरले होते.

"संपलं, काका. शब्द देतो."

तीन आठवड्यांनी ऑक्ताव्हच्या घरी रजिस्टर पत्र आलं. चार गुण वजा, शिल्लक शून्य, परवाना रद्द, दहा दिवसांत जमा करावा. गुन्ह्याची तारीख त्याने दोनदा वाचली. शब्द दिल्यानंतरचा दुसराच मंगळवार. त्या दुपारी तो दातांच्या डॉक्टरसमोर आ वासून बसला होता. सही तर त्याने केलीच नव्हती.

पत्र घेऊन तो तिबोच्या खोलीत गेला आणि ते टेबलावर ठेवलं.

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात."

"मग विचारायला काय झालं होतं?"

तिबोने पत्राची घडी उलगडली, परत घातली. मग अगदी मऊ आवाजात सांगितलं की परवाना नसलेल्या ड्रायव्हरला ठेवता येत नाही, त्याने वकिलाला विचारून घेतलंय, महिनाअखेरपर्यंत कागद तयार होतील. "कायदा काही मी केलेला नाही, काका." मग खाली वाकून त्याने कपाटातून बाटली काढली.

ऑक्ताव्हने व्हॅनची किल्ली बाटलीशेजारी ठेवली. बाटली तिथेच राहिली.

एप्रिलच्या अखेरीस तो सायकलवरून बाजारातून परतत होता. मागच्या पिशवीत कांद्याची पात होती. दुधाच्या जुन्या टपरीआड दोन पोलीस हातातलं रडार रोखून बसले होते. एकाने त्याला ओळखून मान हलवली. तो पुढे वळणावर आला, तेवढ्यात समोरून तिबोची करडी गाडी आली. वेग नेहमीचाच.

ऑक्ताव्हची बोटं आपोआप हँडलच्या डाव्या बाजूला दिव्याची दांडी शोधू लागली. तिथे फक्त घंटी होती. मग त्याने हात वर केला, मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली.

तिबोने त्याला पाहिलं. हा आता काहीतरी मागणार असं वाटून त्याने मान वळवली आणि गाडी आणखी दामटली. आतली बाई धोक्याचा पट्टा म्हणत असणारच. पण ती तर घराच्या दारापासून तेच म्हणायची.

मागे शिट्टी वाजली, ब्रेक किंचाळले. रस्त्यात पोलिसांनी समोरासमोर अडवलेल्या माणसाला स्वतःचंच नाव सांगावं लागतं.

ऑक्ताव्हने वळून पाहिलं नाही. पुढे चढ होता. तो उतरला, कलंडलेली पात नीट केली आणि सायकल ढकलत, रस्त्याच्या अगदी उजव्या कडेने, नियमाप्रमाणे चालू लागला.