शीशपर्वतचे तीन अंगरखे

तुम्ही कधी दुसऱ्याचं बांधलेलं गाठोडं उघडून पाहिलंय का? खरं सांगा. मी कुणाला सांगणार नाही. मला तोंड नाही, एक सुई आहे आणि तीही खाली मान घालून चालते.

मी शिलाई मशीन बोलतेय. अंधेरी पूर्वेला चकाल्याच्या एका बैठ्या चाळीत, तिसऱ्या खोलीत, खिडकीखाली माझी जागा आहे. माझ्या पाठीला प्लायवूडची भिंत आहे. भिंतीच्या पलीकडे द्रौपदीबाईंची खोली आणि त्या खोलीत टीव्ही. तो टीव्ही मी आजवर पाहिलेला नाही. मी तो फक्त ऐकलाय.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यातला. काळं अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, खाली लोखंडी पायडल. तिथून मी थेट वाकोल्याला धोंडिराम शिंप्याच्या दुकानात आले आणि वीस वर्षं शाळेच्या खाकी चड्ड्या शिवल्या. धोंडिराम मोजकं बोलायचा. कुठल्या बाईला दिवस गेलेत, कुणाच्या म्हाताऱ्याचं अंग उतरलंय, हे त्याला टेपवरून घरच्यांच्या आधी कळायचं. पण तो ते कधी बोलला नाही. त्याची नजर अधू झाली तेव्हा त्यानं मला सुगंधाच्या स्वाधीन केलं. म्हणाला, "पोरी, शिंप्याला लोकांचं आधी कळतं. ते त्याच्यापाशीच राहायला पाहिजे."

सुगंधाने ते ऐकलं आणि पदराच्या टोकाने माझ्यावरची धूळ पुसली.

सुगंधा कुडाळकडची. नवरा जयवंत गिरणीत साचेखात्यात, कापडाच्या मागावर होता, चौदा वर्षं. संप झाला, गिरणी बंद पडली आणि तो घरी बसला. घरी म्हणजे नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर. सुगंधा ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. तेवढ्यावर घर चालायचं, पण ओढाताण व्हायची.

मग शहाऐंशी साली जवळच्या एका स्टुडिओत कपडेपट सांभाळणारे मार्तंड मास्तर चाळीत आले. त्यांना हाताला सफाई असलेली बाई हवी होती. टीव्हीवर दर रविवारी सकाळी 'शीशपर्वत' नावाची मालिका लागत होती. त्यातल्या राजपुत्राला सात दरवाजे उघडायचे होते, आणि काळिंबा नावाची जादूगारीण प्रत्येक दरवाजापाशी काही ना काही उभं करत होती. त्या सगळ्यांचे कपडे शिवायचे होते.

"बाई, एकच अट," मास्तर म्हणाले. "हे कपडे लोकांना टीव्हीवरच दिसले पाहिजेत. त्याआधी नाही. निर्मात्याला फार आहे याचं."

"माझ्या घरातून एक चिंधी बाहेर जाणार नाही," सुगंधा म्हणाली.

तिने शब्द दिला आणि मी जरीवर चालू लागले. खाकी चड्ड्यांनंतर किनखाब म्हणजे काय, ते मला विचारा. सुई कशी गुदमरते तेही विचारा.

रविवारी सगळी चाळ द्रौपदीबाईंच्या खोलीत जमायची. दार, खिडकी, पायरी, सगळीकडे माणसं. अर्धा तास कुणी श्वास घ्यायचं नाही. नंतर मात्र दिवसभर पुढच्या भागावर वाद.

"मी सांगतंय, राजपुत्र मरूचो नाय," असं काशीराम काका म्हणायचे. ते पोस्टातून निवृत्त झालेले. बायको गावी होती आणि हातात वेळच वेळ होता. "घोडो दगडाचो आसा ना? तो जितो होतलो आणि तोच चौथो दरवाजो फोडतलो."

"काका, मागच्या रविवारी तुम्ही म्हणालात घोडा म्हणजे राजपुत्राचा बाप," द्रौपदीबाई म्हणायच्या. त्या साताऱ्याकडच्या, औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होत्या. जीभ तिखट. "आता बापाला दरवाजा फोडायला लावताय. आधी ठरवा काय ते."

"बाप आसलो तर फोडूचो नाय काय?"

"माझ्या बापानं तर दरवाजा कधी नीट लावला बी नाही, फोडतोय कुठला."

हसणं भिंतीतून माझ्यापर्यंत यायचं. सुगंधाही त्यांच्यात बसायची, पण बोलायची नाही. तिला ठाऊक असायचं. म्हणून लोक तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. ती हसली तर काका म्हणायचे, "हसली म्हणजे राजपुत्र जितो." ती खोकली तर म्हणायचे, "काय तरी वाईट आसा."

तेव्हापासून मला लोकांचा संशय यायला लागला. काका आमच्या खिडकीपाशी उगाच रेंगाळायचे. ब्लाउजच्या चिंध्या सुगंधा केरात टाकायची, तर हे "उशीत भरूक होये" म्हणून मागायला यायचे. एवढ्या उश्या एकट्या माणसाला कशाला लागतात? द्रौपदीबाई साखर मागायला यायच्या आणि त्यांची नजर वाटीकडे नसायची. कुंदा नावाची समोरची मुलगी मापं द्यायला यायची, तिची मापं दर आठवड्याला कशी बदलतील? मी सगळ्यांना मनात धरून ठेवत होते.

माझी एक अडचण होती. काम संपलं की माझं डोकं खाली टेबलाच्या पोटात उतरवायचे आणि वर फळी लावायचे. मग मला काही दिसत नसे. फक्त ऐकू यायचं. आणि सुगंधा पाण्याला किंवा बाजारात गेली की मी कधी कधी ऐकायचे, गाठोड्याची सुतळी सुटते आहे. कापड हळूच सरकतं आहे. मग पुन्हा सुतळी आवळली जाते. दार आमचं दिवसभर उघडंच. कोण येतं, कोण जातं, मला कसं कळावं?

एका महिन्यात मास्तरांनी राजपुत्राचे तीन काळे अंगरखे शिवायला दिले. तिन्ही एकसारखे. छातीवर चंदेरी गरुड. तुम्हाला म्हणून सांगते, त्यात गूढ काही नव्हतं. एक खुद्द नटासाठी, एक त्याच्याऐवजी उंचावरून उडी मारणाऱ्यासाठी, एक आगीत जाळायला. अशा कामात नेहमीच असं शिवतात.

पण गुरुवारी मास्तर आले ते हातात संध्याकाळचा पेपर घेऊन. आत चार ओळी होत्या. 'शीशपर्वत'चा राजपुत्र आता तीन रूपांत दिसणार, तिघांच्या छातीवर गरुड, खरा कोण ते काळिंबालाही ओळखता येणार नाही.

"बाई, हे तीन अंगरखे दोघांनाच माहीत. मला आणि तुम्हाला."

सुगंधाच्या हातातली कात्री तशीच राहिली. "मास्तर, मी कुणाला बोलले नाही."

"मी निर्मात्याला काय सांगू? तो म्हणतो, काम काढून घ्या. या वेळेपुरतं मी थांबवलंय. सोमवारी हे गाठोडं द्या. तोवर आणखी काही बाहेर गेलं तर पुढचं मिळणार नाही. मला वाईट वाटतं हे सांगायला."

ते गेले. सुगंधा माझ्यासमोर बसली, पण पायडलवर पाय ठेवला नाही. भिंतीपलीकडे द्रौपदीबाई कुणाला तरी सांगत होत्या, "तीन रूपं, बघ बाई. मला वाटलंच होतं." ते 'वाटलंच होतं' सुगंधाच्या कानात शिरलं.

शुक्रवारी सकाळी नळावर भांडण झालं. मी खिडकीतून ऐकलं.

"द्रौपदी, तू माझ्या घरात साखरेला येतेस का कपडे बघायला?"

"काय म्हणालीस?"

"भिंतीला भोक आहे का ते बघते मी आज."

"भोक तुझ्या डोक्याला हाय. माझा टीव्ही फुकट बघतेस, वर मलाच चोर म्हणतेस? माझा ब्लाउजपीस दे परत. मी दुसरीकडं शिवीन."

ब्लाउजपीस परत गेला. कापड आधीच मापावर कापलेलं होतं, नुसतं जोडायचं राहिलं होतं. तसंच, तुकड्यातुकड्यांत गेलं. जयवंत दारात उभा होता. म्हणाला, "जाऊ दे ना, बायकांचं असंच असतं." सुगंधा भिंतीत भोक शोधू लागली. मलाही वाटलं, द्रौपदीबाईच. मी तर वाटीतल्या साखरेपासून त्यांच्यावर नजर ठेवून होते.

शनिवारी दुपारी सुगंधाने एक निराळंच काम काढलं. उरलेल्या किनखाबातून तिने दोन वर्षांच्या मुलाच्या मापाचा अंगरखा कापला. मास्तरांनी असलं काही सांगितलेलं नव्हतं. भराभर शिवून तिने तो गाठोड्यात सगळ्यात वर ठेवला, सुतळीची नेहमीची सुरगाठ मारली आणि मला उतरवून फळी लावताना पुटपुटली, "आता बघते, कोणाच्या तोंडून हे पोर जन्माला येतं."

मग ती मुद्दाम बाजारात गेली. दार उघडं ठेवून.

थोड्या वेळाने सुतळी सुटली. मी कान देऊन होते. पावलं हलकी होती, चप्पल न घातलेली. किनखाब खसखसलं. कुणीतरी श्वास रोखला. मग सुतळी पुन्हा आवळली, फार झपाट्याने, एका झटक्यात. इतक्या सफाईने द्रौपदीबाई गाठ मारत नाहीत, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी सुगंधा टीव्ही बघायला गेली नाही. भिंतीला टेकून, माझ्याशेजारीच बसली. आम्ही दोघींनी ऐकलं. चौथा दरवाजा करकरला, काळिंबा हसली, राजपुत्र ओरडला आणि गाणं सुरू झालं. भाग संपला.

मग बाहेर ओट्यावर वाद सुरू झाला, आणि काशीराम काकांचा आवाज सगळ्यांवर चढला.

"ऐका माझा. पुढच्या भागात राजपुत्र ल्हान पोर होतलो. शाप. किनखाबाचो एवढोसो अंगरखो तयार आसा."

"काका, कुठून आणलंत?" कुंदा म्हणाली.

"नाक्यार सगळ्यांक ठाऊक आसा. अंबादास सांगी होतो."

अंबादास म्हणजे संध्याकाळच्या त्याच पेपरच्या छापखान्यातला अक्षरांचे खिळे जुळवणारा. रोज टपरीवर चहाला असायचा.

"मग त्याच्या राणीचं काय?" द्रौपदीबाईंनी विचारलं. "नवऱ्याला कडेवर घेऊन फिरंल का ती?" त्यांच्या आवाजात खरं नवल होतं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. सुगंधालाही ते ऐकू आलं.

ती उठली. माझी फळी काढली, मला वर घेतलं, आणि गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं. तिची सुरगाठ नव्हती तिथे. एक बारीक, घट्ट गाठ होती, दोन्ही टोकं आखूड. साच्यावर धागा तुटला की कामगार अशी गाठ मारतो, धावत्या कापडात दिसू नये म्हणून. चौदा वर्षं रोज शंभर वेळा मारलेली गाठ. बोटं ती विचारून मारत नाहीत. घरातल्या कपड्यांच्या दोरीला, कंदिलाच्या तारेला, सगळीकडे तीच होती.

जयवंत ओट्यावरून आत आला. त्याने गाठोडं पाहिलं, तिचं बोट गाठीवर पाहिलं आणि खाली बसला.

"तुम्ही," सुगंधा म्हणाली.

तो चपलेचा अंगठा चाचपत बोलू लागला.

"चार वर्षं नाक्यावर माझ्याकडे कुणी मान वर करून बघत नव्हतं. आता मी गेलो की बाकावर जागा करतात. जयवंतराव, बसा, पुढं काय होणार सांगा. मला वाटलं, एवढं तर सांगू. अंबादास छापेल असं नव्हतं वाटलं."

"आणि छापल्यावर?"

सुगंधाने खिडकीतून नळाकडे बोट दाखवलं.

"द्रौपदीला मी नळावर चोर म्हटलं. तुम्ही दारात उभे होतात."

"मी मास्तरांना सांगतो, माझी चूक आहे. पण काम जाईल तुझं."

"जाऊ दे. शब्द माझा होता. तो माझ्याच घरातून गेला."

मी त्या दिवशी शरमले. सगळ्या चाळीवर संशय घेतला आणि ज्याच्या गंजीफ्रॉकला मीच ठिगळं लावली, तो माझ्या ध्यानात आला नाही.

आता तीन वर्षं झाली. 'शीशपर्वत' कधीच संपली. राजपुत्र लहान झाला नाही आणि त्याची तीन रूपंही झाली नाहीत. सातव्या दरवाजामागे एक आरसा निघाला, आणि काशीराम काका अजून म्हणतात की शेवट घाईत गुंडाळला. त्यांच्या उश्या अजून मऊ आहेत म्हणे. माझा पट्टा सैल झालाय, वेलबुट्टी पुसत आलीय. विजेवर चालणाऱ्या मशिनी आल्यात. माझं मागणं मोठं नाही. पुढे काय होणार याची उत्सुकता जरूर ठेवा, वाद घाला, पैजा लावा. पण अर्धवट शिवण उसवून आत डोकावू नका. आणि संशय घ्यायचाच असेल तर आधी गाठ नीट बघा, मग शेजारणीला बोला.

राहिली ती त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. जयवंतने गाठोडं स्वतः खांद्यावर घेतलं आणि स्टुडिओत जाऊन मास्तरांना खरं सांगितलं. मास्तरांनी गाठोडं ठेवून घेतलं आणि नवं दिलं नाही. तो परत यायच्या आधीच सुगंधा शेजारी माफी मागायला गेली होती. द्रौपदीबाई तिच्या मागोमाग आल्या, कापलेला ब्लाउजपीस माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाल्या, "बाहीच्या शिवणीत माया जास्त ठेव गं, दंड भरत चाललेत माझे, उद्या सैल करायला लागंल." सुगंधाने पायडलवर पाय ठेवला आणि दुपारच्या आत आम्ही तो शिवून दिला.