साबणाचा कण

नीलाच्या काचनळ्यांनी तिला जीव नकोसा केला होता.

प्रयोग म्हटला तर सरळ. जंतू काचेला चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर बांधतात आणि त्यात दडी मारून बसतात. मग वरून औषध ओता नाहीतर शिव्या घाला, ढिम्म हलत नाहीत. नीलाला बाळकुमच्या खाडीतल्या चिखलात दुसरेच जंतू सापडले होते. ते वाढले की फेस धरत, आणि त्या फेसाने हा थर सुटून येई, आतले जंतूही मरत. अर्ध्या नळ्यांत फेस घालायचा, अर्ध्यांत नुसतं पाणी. फेसाच्या नळ्या स्वच्छ निघायला हव्यात, पाण्याच्या बुळबुळीत राहायला हव्यात. एवढंच.

पण मेल्या पाण्याच्या नळ्याही स्वच्छ निघत. एकदा नाही, अलीकडे दर खेपेला. तिने पाणी बदललं, जंतू नव्याने वाढवले, पाहुण्यांवर डाफरून घरच्यांची बोलणी खाल्ली. विठ्ठलवाडीहून ठाण्याच्या कॉलेजात पोचायचं ते त्या नळ्यांचं हसणं बघायला.

"साबण," तिच्या गाईड हेमा मॅडम शेवटी म्हणाल्या. "काचेला साबण राहतोय. तुझ्या जंतूंचा फेसबीस काही नाही, नीला. इतके दिवस तू साबणाचा अभ्यास केलास. आता विषय बदल."

म्हणजे सगळं मुसळ केरात. पीएचडीची मुदत संपत आलेली, नवा विषय घेऊन ती पुरी होणं शक्य नव्हतं. नीलाला रडू फुटणारच होतं, पण त्याआधी तिला नाथाभाऊ आठवले आणि ती पेटली.

नाथाभाऊ प्रयोगशाळेतलं काचसामान धुणारे, बाळकुमचे कोळी. चंबूत साबण तसाच ठेवायची त्यांना सवय. मागे एकदा तिने त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं. आणि तरीही हे.

"भाऊ, परत साबण?" तिने त्यांना मॅडमसमोरच उभं केलं. "तुमच्यापुढे मी हात टेकले."

नाथाभाऊंचा चेहरा पडला. "कसला साबन? तूच बोललीस ना बाय, साबनाचा कण दिसला तर बघा म्हनून? तवापासून मी साबनाला हातच लावला नाय. नुसत्या पान्यात खंगाळून ठेवतो."

नीला मटकन स्टुलावर बसली. हे गृहस्थ तेव्हापासून काहीच धूत नव्हते.

मॅडमनी एक नळी उजेडात धरली. "साबण नाही, तर मग काचेवर काय राहत होतं?"

"माझा फेस," नीला म्हणाली. "आधीच्या खेपेचा. फेसाच्याच नळ्या पुढच्या खेपेला पाण्यासाठी येतात. तो उकळूनही जात नाही."

"आणि एवढासा उरलेला पुरत होता?"

नीलाने मान डोलावली. विषय बचावला होता. आपल्या जंतूंचा तिला अभिमान वाटला, आणि त्यांच्या नरड्याला हात घालावासाही वाटला. कारण नाथाभाऊंनी साबण सोडल्यापासूनचा एकही प्रयोग आता धरता येणार नव्हता. सगळे पुन्हा करायचे, मुदत सांभाळून.

तिने बाह्या सरसावल्या. "भाऊ, साबण काढा. सगळी काच आज घासायची."

नाथाभाऊ जागचे हलले नाहीत.

"तसा लिवून दे, बाय," ते म्हणाले.