कोऱ्या जागेतला शब्द

अठ्ठ्याऐंशी साल. हातमाग संस्थेच्या आमच्या सीताबर्डीच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता; त्यावर हिशेब मी ठेवायची आणि साड्यांची नक्षी काढणारा एकच माणूस, मार्तंड. सुरतेच्या मिलमध्ये नोकरी लागली आणि गेला निघून. जाताना नव्या साडीची फ्लॉपी परवलीच्या शब्दाने कुलूपबंद करून गेला. पाठोपाठ त्याची लग्नपत्रिका आली. ती मीच सगळ्यांना वाचून दाखवली, मोठ्या हौसेने.

दिल्लीच्या प्रदर्शनासाठी ती साडी हवी झाली, तेव्हा मॅनेजर बाबनरावांनी सुरतेला ट्रंककॉल लावला.

"शब्द विसरलो म्हणते तो," फोन ठेवत ते म्हणाले. "आता तूच पाय वं, गोपिका."

मी आधी गुपचूप माझंच नाव टाकून पाहिलं. उघडलं नाही. राग आला, कुणाचा, ते विचारू नका. आम्ही दोघं एकदाच बरोबर गेलो होतो, कन्हानला, विणकरांकडे. परतीची बस येईपर्यंत नदीकाठी शिंगाडे सोलत बसलो. आता तो काही विचारील म्हणून मी कानात प्राण आणून बसले, आणि त्याने बसची वेळ विचारली! त्याच्या मनात काही नव्हतंच, अशी मी माझी समजूत घातली. ती कधी पटली नाही. त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं की अजून जीव तुटायचा.

शेवटी ती कुलूपबंद फाइल मी जशीच्या तशी पडद्यावर आणली. काठाच्या जागी नुसता अक्षरांचा कचरा. साडीचं मधलं अंग आलं आणि माझा हात थांबला. हे कुलूप चित्राच्या कणाकणात परवलीचा शब्द मिसळायचं. पण जिथे साडी कोरी, तिथे मिसळायला काही नव्हतंच, म्हणून शब्दच उघडा पडला होता. इंग्रजी अक्षरांत, ओळीमागून ओळ, पडदाभर: कन्हान कन्हान कन्हान.

विसरलो म्हणे!

मी वाचतच बसले. तो शब्द टाकला की नक्षी उघडणार होती, आणि कोऱ्या जागेतून तो पुसला जाणार होता. बाबनराव मागे येऊन उभे राहिले, तेव्हा टाकला. करवती काठ झळकला. मधलं अंग पांढरंफटक.

"वा! काय शब्द होता वं?"

"विसरली मी," मी म्हणाले.