ओळख पटवणारी

मुलाखतीला काय विचारतील याची मयुरानं आठवडाभर घोकंपट्टी केली होती. करार कायदा, पुराव्याचा कायदा, दिवाणी संहितेतली ती झोप आणणारी कलमं. डहाणू स्टेशनजवळच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात रविंद्र वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला तो असा, की वेवजीत तुमचं घर नेमकं कुठल्या पाड्यावर?

तिनं सांगितलं. वकिलांनी ते लिहून घेतलं. मयुराला बरं वाटलं, निदान सुरुवात तरी बिनचूक झाली.

वेवजीतून वकिलीच्या कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. शेवटच्या वर्षाला कुठल्यातरी वकिलाच्या हाताखाली सहा आठवडे काम करावं लागतं, आणि तुम्हाला घेतल्याचं त्या वकिलाचं पत्र सोमवारपर्यंत कॉलेजात पोचलं नाही तर परीक्षेचा फॉर्म अडतो, म्हणजे वर्ष गेलं. आज शुक्रवार. पाच ठिकाणी नकार मिळाला होता. एकानं विचारलं, कोणाच्या ओळखीनं आलात? एकानं सांगितलं, आमच्याकडे लेडीजसाठी बाथरूम नाही. हे कारण देताना त्याला स्वतःलाच फार वाईट वाटत होतं, तिनंच त्याची समजूत काढली. हे सहावं ऑफिस. सातवं तिच्या यादीत नव्हतं.

रविंद्र वकील अहो-जाहो करत होते. चहा मागवला. मग म्हणाले की पाठांतर सगळ्यांचंच असतं, आपण कामच करून बघू. त्यांचा कारकून उमेश बाहेरून एका म्हाताऱ्याला घेऊन आला आणि शाईचा पॅड टेबलावर ठेवला.

म्हातारा खाडीपाड्यावरचा शुक्राबाबा होता. धुतलेला पांढरा सदरा, वरचं बटण खालच्या काजात. मयुराला बघून तो इतका खुलला की जणू हे तिचंच ऑफिस आहे.

काम सोपं होतं. वेवजीच्या टेकाडावरची दोन एकर जमीन एका कंपनीला गोदामासाठी हवी होती. आदिवासीची जमीन बाहेरच्याला द्यायची तर कलेक्टरची परवानगी लागते, आणि त्या अर्जासोबत ‘मी राजीखुशीनं देतो आहे’ असं मालकाचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. ते टाइप होऊन आलं होतं. खाली अंगठ्याची जागा, शेजारी एक ओळ : वरील इसमास मी व्यक्तिशः ओळखते.

“तुमच्या बोलीत त्याला वाचून दाखवा, अंगठा घ्या, ओळख म्हणून तुमची सही करा,” वकील म्हणाले. “हीच मुलाखत समजा. पत्र तयारच आहे.”

पत्र खरंच तयार होतं. मयुरा दौलत वरठा, असं पूर्ण नाव. खाली फक्त वकिलांची सही बाकी.

तिनं सातबारा पाहिला. शुक्रा काकड्या धोडी. मग पुन्हा पाहिला. वेवजीत शुक्रवारी जन्मलेला तो शुक्रा, त्यात कोणी डोकं चालवत नाही. एकेका पाड्यावर तीन-तीन शुक्रा. त्यातून दोघांच्या बापांचं नावही काकड्या असलं, तर गावात काही अडत नाही. हा खाडीवरचा, तो टेकाडावरचा. आधार कार्डानंही काही उलगडत नाही, कारण ज्यांचा जन्म कुठं लिहिलेला नाही त्या सगळ्यांना सरकारनं एक जानेवारीलाच जन्माला घातलंय.

तिनं शुक्राबाबाला आपल्या बोलीत विचारलं, बाबा, टेकाडावर तुझं रान कधीपासून? तो म्हणाला, माझं कुठलं, ते खलाशी शुक्र्याचं. मग इथं कसा आलास? तर उमेशकडं बोट करून म्हणे, हा माणूस घरी आला, शुक्रा काकड्या धोडी तूच ना म्हणाला. मीच आहे, तर खोटं कशाला सांगू?

पेन तिच्या हातात होतं. शुक्राबाबा अंगठा देऊन मोकळा होणार होता, बाकी कोणी काही विचारणार नव्हतं. सोमवार तिला समोर भिंतीवर लटकावल्यासारखा दिसत होता. तिनं कागदावर हात टेकवलासुद्धा. मग पेन ठेवलं.

“सर, मालक हे नाहीत. त्यांच्याच नावाचा दुसरा माणूस आहे.”

वकील चिडले नाहीत. खुर्चीत पुढं सरकून बसले. कशावरून? दुसरा कुठं असतो? काय करतो? प्रश्न एकामागून एक येत गेले आणि मयुराला वाटलं, आता खरी मुलाखत सुरू झाली. तिनं भराभर उत्तरं दिली. तो चिंचणीच्या ‘जयश्री’ बोटीवर खलाशी आहे. घरी कोणी नाही, एकटाच. बोट परवा दुपारी लागेल, चार दिवस थांबून पुन्हा जाईल. दोन शुक्र्यांतला फरक सांगायला घरपट्टीची पावती चालेल, हेसुद्धा तिनं आपणहून सुचवलं.

रविंद्र वकिलांनी पत्रावर सही केली.

“असंच माणूस हवं होतं मला. चुकीचा अंगठा लागला असता तर उद्या कोर्टात नाचक्की झाली असती.” त्यांनी पत्र तिच्याकडे सरकवलं. “परवा उमेश गाडी घेऊन चिंचणीला जाईल. तुम्ही सोबत असलात की तो खलाशी गाडीत बसेल.”

मयुराला आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कळलं.

“सर, त्याला जमीन द्यायची नाही. ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं त्यानं.”

“ग्रामसभेत माणूस गर्दीच्या जोरावर बोलतो,” वकील शांतपणे म्हणाले. “एकटा असला की वेगळं बोलतो.”

तिनं पत्र उचललं नाही. ते म्हणाले, घ्या की, तुम्ही आला नाहीत तरी गाडी जाणारच आहे, बोट कुठली ते तुम्ही सांगितलंतच. तरी तिनं उचललं नाही. जिन्यात शुक्राबाबा तिच्यामागून एकेक पायरी उतरत विचारत होता, की माझं काय चुकलं गं, आणि माझ्यामुळं तुला ठेवली नाही का? तिनं त्याचं बटण नीट लावून दिलं आणि तलासरीच्या गाडीत बसवलं.

बोटीवर फोन लागत नव्हता. रविवारी ती चिंचणीला पोचली तेव्हा जीप आधीच उभी होती. उमेशनं हसून हात केला, चहा घेणार का विचारलं. तोही पोटासाठीच उभा होता, पायात नवे बूट घालून.

ओहोटी संपत आली होती. ‘जयश्री’ लांबच थांबली आणि खलाशी बोचकी खांद्यावर घेऊन पाण्यातून चालत निघाले. उमेश कोरड्या वाळूवर वाट बघत राहिला. मयुरानं चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि चिखलात शिरली. गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते. उमेशनं मागून दोनदा हाक मारली, मग तो फोनवर बोलू लागला.

शुक्र्यानं तिला लांबूनच ओळखलं आणि तो जागीच थांबला. चांगली बातमी घेऊन पाण्यात कोण शिरतं?

“दौलतची पोर ना तू? कोण गेलं?”

“कोणी नाही गेलं. तुझं टेकाड मागायला माणूस आलाय. तो बघ, गाडीजवळ.” तिला धाप लागली होती. “तू इथं सापडशील हे मीच सांगितलं त्यांना. मला तिथं नोकरीसारखं काम हवं होतं. अंगठा देऊ नको, काका. काही म्हणाले तरी देऊ नको.”

शुक्रा किनाऱ्याकडं बघत राहिला. बोचकं त्यानं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“आज नाही दिला तर जातील?”

“उद्या येतील. रोज येतील.”

“आणि तू?”

सोमवारी फॉर्म अडणार होता, त्यानंतर ती कोण असणार हे तिलाच माहीत नव्हतं. भरती लागली होती, पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत आलं होतं आणि चालत बाहेर पडायला वाट एकच होती, जीप उभी होती तीच. शुक्र्यानं तिचा हात धरला, चिखलातून तिचा पाय उपसून काढला, आणि दोघं तिकडंच चालू लागले.